ॲनिमेशनचा प्रोजेक्ट: तीन मिनिटे नकोत, वीस सेकंद नीट हवीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिजिटल आर्ट आणि ॲनिमेशन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना सत्राच्या शेवटी जो प्रोजेक्ट दिला जातो, त्याची सूचना बहुतेक वेळा एका ओळीत संपते: ‘दोन ते तीन मिनिटांची ॲनिमेशन फिल्म तयार करून सादर करावी.’ पुढच्या निम्म्या अडचणींचे मूळ या ओळीतच आहे. ती बदलणे शिक्षकांच्या आणि अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांच्या हातात आहे, म्हणून आपल्या पत्राच्या माध्यमातून हे मांडत आहोत.

आधी हिशेब पाहू. एका सेकंदाला २४ फ्रेम (पडद्यावर एकामागून एक येणारी स्थिर चित्रे) धरल्या तर तीन मिनिटांच्या ४,३२० फ्रेम होतात. प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरून ठेवले, म्हणजे ‘ऑन टूज’ काम केले, तरी २,१६० चित्रे काढावी लागतात. एका चित्राला रफ (कच्चे रेखाटन), क्लीनअप (रेषा स्वच्छ करणे) आणि रंग मिळून फक्त दहा मिनिटे लागतात असे मानले, तरी ३६० तास झाले. रोज चार तास बसले तर नव्वद दिवस, आणि त्यात कथा, पात्ररचना, पार्श्वभूमी, आवाज यांतले काहीच धरलेले नाही. इतर विषय सांभाळून हे एकट्याने होणे शक्य नाही. मग विद्यार्थी वाट काढतो: स्थिर चित्रावरून कॅमेरा सरकवतो, इंटरनेटवरून तयार चालण्याची हालचाल आणून पात्राला चिकटवतो, संवादाऐवजी पडद्यावर मजकूर देतो. फिल्म तीन मिनिटांची भरते, पण हालचाल घडवणे हा जो विषयाचा गाभा, तोच शिकायचा राहून जातो.

त्याऐवजी पंधरा ते वीस सेकंद मागावेत. वीस सेकंदांची ऑन टूज २४० चित्रे होतात, वरच्याच हिशेबाने चाळीस तासांचे काम. हे बारा आठवड्यांत नीट बसते आणि चुकलेले पुसून पुन्हा करायलाही वेळ उरतो. सूचना अशी असावी: एक पात्र, एक जागा, जास्तीत जास्त तीन शॉट, आणि पात्राच्या मनात किंवा शरीरात एक स्पष्ट बदल. ‘जड पेटी उचलायला जातो, ती उचलली जात नाही, युक्ती करतो’ एवढी कथा पुरते. वजन, तयारी, अडखळणे, विचार करणे हे सगळे त्यात येते. लढाई, गर्दी, पाणी, धूर आणि लांब केसांचे पात्र ही पाच संकटे पहिल्या प्रोजेक्टमध्ये टाळलेली बरी.

बारा आठवड्यांतले पहिले दोन स्टोरीबोर्डला, म्हणजे शॉटनुसार काढलेल्या कच्च्या चित्रांना, आणि तिसरा ॲनिमॅटिकला, म्हणजे ती चित्रे आवाजासह वेळेत बसवून पाहायला द्यावा. चौथ्यात पात्राची मॉडेलशीट (वेगवेगळ्या बाजूंनी काढलेली नमुना-चित्रे) किंवा रिग (पात्र हलवण्यासाठीचा आतला सांगाडा), पाचवा-सहावा की-पोजला (हालचालीतल्या मुख्य स्थितींना), सात ते नऊ त्यांच्या मधल्या चित्रांना, दहावा रंग आणि कंपोझिटिंगला (पात्र, पार्श्वभूमी असे थर एकत्र करायला), अकरावा आवाज आणि रेंडरला (संगणकाकडून अंतिम फ्रेम तयार करून घ्यायला). बारावा मोकळा ठेवावा, कारण रेंडर फसते ते नेमके शेवटी. यातला ॲनिमॅटिकचा आठवडा विद्यार्थी सर्रास गाळतात, आणि तीच सर्वांत महाग पडणारी बचत आहे. स्टोरीबोर्डची चित्रे कच्च्या आवाजासह टाइमलाइनवर (वेळेच्या पट्टीवर) ठेवली की कोणता शॉट लांबला, कोणता कळायच्या आत संपला हे अर्ध्या तासात दिसते. तेच पूर्ण रंगवलेल्या शॉटमध्ये लक्षात आले तर आठवड्याचे काम टाकून द्यावे लागते. वेळ अंदाजाने लिहू नये. क्रिया स्वतः करून पाहावी, मोबाइलवर चित्रित करावी आणि फ्रेम मोजाव्यात. क्रिया संपल्यावर लगेच कट मारू नये, प्रेक्षकाच्या डोळ्याला निदान अर्धा सेकंद द्यावा. आणि एका शॉटमध्ये डावीकडून उजवीकडे जाणारे पात्र पुढच्या शॉटमध्ये विनाकारण उलट्या दिशेने जाऊ नये, नाहीतर ते परत फिरले असे वाटते.

प्रोजेक्ट सुरू होण्याआधी सरावाचे दोन पाठ गुण देऊन पक्के करून घ्यावेत: उसळणारा चेंडू आणि वॉक सायकल (पुन्हा पुन्हा चालवता येणारी चालण्याची एक फेरी). पहिला पाठ ‘सोपा’ म्हणून उरकला जातो, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

चेंडू वरून सुटतो तेव्हा समान वेळात तो समान अंतर कापत नाही. पहिल्या टप्प्यात एक भाग, मग तीन, मग पाच, मग सात, असे अंतर वाढत जाते. म्हणजे पडण्याचा अर्धा वेळ सरला तरी चेंडू उंचीचा फक्त चौथा भाग खाली आलेला असतो. विद्यार्थी सवयीने चित्रे सारख्या अंतरावर काढतो आणि चेंडू दोरीने सोडल्यासारखा उतरतो. दुसरी चूक याच्या उलट: सॉफ्टवेअर आपोआप दोन्ही टोकांना गती मंद करते, त्यामुळे चेंडू जमिनीजवळ येताना हळू होतो. जमिनीला तो सर्वांत वेगात भिडला पाहिजे. मंदपणा फक्त वरच्या टोकाला. ग्राफ एडिटरमध्ये (हालचाल वक्ररेषेने दाखवणाऱ्या खिडकीत) उंचीच्या वक्ररेषेचे वरचे टोक गोल आणि खालचे टोक इंग्रजी व्ही अक्षरासारखे टोकदार दिसले, तर बरोबर.

उसळ्यांच्या वेळेतही असाच घोळ होतो. चेंडू दर वेळी आधीच्या निम्म्या उंचीपर्यंत उसळत असेल, तर उसळीचा वेळ निम्मा होत नाही, सुमारे ०.७ पट होतो. पहिली पूर्ण उसळी २४ फ्रेमची असेल तर पुढची १७, मग १२, मग ८ किंवा ९. उंची कमी केली पण वेळ २४ च ठेवला, तर शेवटच्या उसळ्या चंद्रावरच्या वाटतात. आकाराचा अंदाजही वेळेवरूनच येतो. अर्ध्या सेकंदात, म्हणजे १२ फ्रेममध्ये, वस्तू साधारण सव्वा मीटर पडते. घराएवढा दगड घराच्या उंचीवरून १२ फ्रेममध्ये खाली आणला, तर कितीही बारीक पोत रंगवा, तो खेळण्यातलाच दिसणार.

चपटे होणे आणि ताणले जाणे म्हणजे स्क्वॉश आणि स्ट्रेच. यात आकारमान कायम राहिले पाहिजे. द्विमितीय चेंडूची उंची ८० टक्के केली तर रुंदी १२५ टक्के हवी. त्रिमितीय चेंडूत रुंदी आणि खोली दोन्ही वाढतात, म्हणून प्रत्येकी सुमारे ११२ टक्के पुरते. नुसती उंची कमी केली की चेंडूतली हवा गेल्यासारखी वाटते. चपटेपणा फक्त जमिनीला टेकलेल्या फ्रेमवर असावा. त्याच्या आधीच्या फ्रेमवर चेंडू ताणलेला आणि हवेत हवा. तिथेच चपटा केला तर तो न दिसणाऱ्या काचेवर आपटल्यासारखा दिसतो. एवढे ज्याला हाताने जमले, त्याला उडी मारणारे पात्रही जमते, कारण पात्राचे नितंब हाच तिथला चेंडू असतो.

वॉक सायकलमध्ये चार पोज: कॉन्टॅक्ट (पुढचा पाय जमिनीला टेकतो), डाउन (त्या पायावर वजन येते), पासिंग (दुसरा पाय त्याच्याजवळून पुढे जातो), अप (शरीर वर उचलले जाते). २४ फ्रेमच्या सायकलमध्ये त्या १, ४, ७ आणि १० वर येतात. १३ वर दुसऱ्या पायाचा कॉन्टॅक्ट, आणि २५ वर पुन्हा पहिली पोज. इथे एक बारीक चूक जवळजवळ प्रत्येक सबमिशनमध्ये दिसते: लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा दाखवायची फेरी, १ ते २५ असा चालवला जातो. २५ आणि १ ही एकच पोज आहे, त्यामुळे दर फेरीला एक फ्रेम अडकते आणि पात्र लंगडते. ‘की’ (नोंदवलेली पोज) २५ वर ठेवावी, पण प्लेबॅक २४ वर थांबवावा. शरीर डाउनमध्ये सर्वांत खाली आणि अपमध्ये सर्वांत वर असते. कॉन्टॅक्टमध्येच ते सर्वांत खाली नेले तर चालण्याला वजन येत नाही. जागच्या जागी चालणाऱ्या सायकलमध्ये टेकलेला पाय दर फ्रेमला अगदी सारख्या अंतराने मागे सरकला पाहिजे. तिथे गती मंद-जलद झाली की पार्श्वभूमीवर पाय घसरतो, आणि बर्फावरून चालल्यासारखे दिसते.

त्रिमितीय काम करणाऱ्यांनी आधी स्टेप्ड कीवर (एका पोजवरून दुसरीवर थेट उडी घेणाऱ्या) पोज पक्क्या कराव्यात. स्प्लाइन (कीमधली गुळगुळीत हालचाल) चालू करताच पोहल्यासारखी हालचाल होते ती बहुधा पोज थांबत नाहीत म्हणून. जिथे पात्र थांबते तिथे पोजची प्रत थांब्याच्या शेवटी पुन्हा कीमध्ये ठेवावी आणि मग मध्ये किंचित श्वास द्यावा. दोन सारख्या कीमधली रेषा फुगून पाय जमिनीत गेला तर रेषेचे हँडल (वळण ठरवणारे दांडे) आडवे करावेत. पाय आयकेवर (पाऊल हलवले की वरचे सांधे आपोआप वाकतात) आणि मोकळे झुलणारे हात एफकेवर (खांद्यापासून एकेक सांधा फिरवायचा) ठेवले तर कमरेखालचे घसरणे आणि हातांची ताठ, सरळ रेषेतली हालचाल दोन्ही टळतात. चालताना गुडघा झटका देतो तो पाय पूर्ण सरळ झाल्यावर. नितंब किंचित खाली घेऊन गुडघ्यात थोडा बाक ठेवला की झटका जातो. कोपर वाकवताना नळीसारखे पिचकत असेल, तर वेट पेंट (रिगचे कोणते हाड मॉडेलचा कोणता भाग किती ओढेल ते रंगवणे) करण्याआधी मॉडेल तपासावे. सांध्यावर निदान तीन एज लूप (मॉडेलला वेढणाऱ्या कडांच्या रांगा) नसतील तर कितीही रंगवून उपयोग नाही. आणि रिग बसवण्याआधी मॉडेलचे स्केल अप्लाय करावे, म्हणजे बदललेले माप पक्के करावे. हे राहिले की त्रास नंतर भलत्याच जागी उमटतो आणि कारण सापडत नाही.

संवाद असेल तर तो छोटा घ्यावा. ओठांच्या बाबतीत प, फ, ब, भ, म ही अक्षरे चुकवून चालत नाही. बंद ओठ निदान दोन फ्रेम दिसले पाहिजेत, आणि आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी मिटले तर डोळ्याला बरोबर वाटते. ट, ड, ण, ळ यांत जीभ आत वळते, बाहेरून फारसे दिसत नाही. त्यांच्यासाठी वेगळे तोंड काढण्यात वेळ घालवू नये. प्रत्येक अक्षराला तोंड उघडले की पात्र चावल्यासारखे बोलते. स्वर पकडावेत, व्यंजने जाता जाता घ्यावीत.

चित्रकलेच्या बाजूला दोन-तीन गोष्टी फार नडतात. पडद्यासाठीच्या कामात डीपीआयला (छपाईतल्या इंचामागच्या ठिपक्यांना) अर्थ नाही, पिक्सेल मोजावेत. १९२० बाय १०८० ची फिल्म असेल आणि कॅमेरा चित्रात दुप्पट जवळ जाणार असेल, तर पार्श्वभूमी ३८४० बाय २१६० हवी, नाहीतर ती धूसर होणारच. रंग आरजीबीत (लाल, हिरवा, निळा या पडद्याच्या पद्धतीत) ठेवावेत. बकेटने (बंद भागात एकदम रंग ओतणाऱ्या साधनाने) रंग भरल्यावर रेषेच्या कडेला पांढरी किनार राहते, कारण रेषेच्या कडा अर्धपारदर्शक असतात. रंगाचा लेअर (थर) रेषेच्या लेअरखाली घेऊन भरलेला भाग एक-दोन पिक्सेलने वाढवला की ती जाते. पात्राभोवती काळी किनार दिसत असेल तर दोष चित्रात नसतो. अल्फा (पारदर्शकतेची माहिती) स्ट्रेट (रंगापासून वेगळी) की प्रीमल्टिप्लाइड (रंगात आधीच गुणलेली), याचा अर्थ कंपोझिटिंगमध्ये उलटा लावला गेलेला असतो. रंग ठरवल्यावर संपूर्ण फ्रेम एकदा करड्या छटांत पाहावी. पात्र पार्श्वभूमीत विरघळले तर रंग कितीही सुंदर असले तरी बदलावेत. पात्र पूर्ण काळे करून पाहिल्यावर ते काय करते आहे हे कळले नाही, तर पोज बदलावी.

आता जिथे रात्री वाया जातात तो भाग. प्रोजेक्टचा फ्रेमरेट (एका सेकंदातल्या फ्रेमची संख्या) पहिल्या दिवशी ठरवून लिहून ठेवावा. २४ वर केलेल्या ४८० फ्रेम २५ च्या टाइमलाइनवर फ्रेमला फ्रेम टाकल्या तर वीस सेकंदांचे १९.२ सेकंद होतात, आणि शेवटच्या संवादाला ओठ ०.८ सेकंद पुढे पळतात. आवाज डब्ल्यूएव्हीमध्ये घ्यावा, एमपी३ च्या सुरुवातीला सूक्ष्म शांतता येते आणि तीही भर घालते. रेंडर थेट व्हिडिओ फाइलमध्ये कधीही करू नये. पीएनजीची मालिका करावी, म्हणजे प्रत्येक फ्रेमची वेगळी चित्रफाइल. एका फ्रेमला तीन मिनिटे लागत असतील तर ४८० फ्रेमना २४ तास लागतात. तीनशेव्या फ्रेमवर वीज गेली तर व्हिडिओ फाइल बहुधा निकामी होते, पीएनजी असतील तर ३०१ पासून पुढे सुरू करता येते. फाइलना ०००१ असे चार आकडी क्रमांक द्यावेत, नाहीतर काही प्रोग्राम २ च्या आधी १० लावतात. शेवटी त्या मालिकेवरून एच.२६४ पद्धतीने दाबलेली एमपी४ व्हिडिओ फाइल काढावी. पूर्ण रेंडरआधी दर दहावी फ्रेम काढून पाहिली तर लपवलेला लेअर किंवा हरवलेला दिवा लगेच दिसतो. ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये टेक्स्चर (पृष्ठभागावर चढवलेले चित्र) हरवले की वस्तू भडक गुलाबी होते. फाइल दुसऱ्या संगणकावर नेण्याआधी टेक्स्चर आतच पॅक करावेत. फाइलला ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ अशी नावे देऊ नयेत, शॉट०१_व्ही००३ असे लिहावे आणि जुनी आवृत्ती पुसू नये. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. वर्षभराचे काम एका पेनड्राइव्हवर ठेवणे म्हणजे ते गमावण्याची तयारी करणे.

यासाठी महागडे सॉफ्टवेअर लागते असा पालकांचा समज असतो, तो सोडावा. ब्लेंडर २००२ पासून मुक्त स्रोत (मोफत आणि खुले) आहे. त्यात त्रिमितीयसोबत ग्रीस पेन्सिल या साधनाने हाताने काढलेले ॲनिमेशनही होते, आणि पूर्णपणे त्यात घडवलेल्या एका लॅटव्हियन चित्रपटाला २०२५ साली सर्वोत्तम ॲनिमेटेड चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. क्रिटा या चित्रकलेच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये २०१६ पासून फ्रेमनुसार ॲनिमेशन करता येते. जपानच्या स्टुडिओ जिबलीने वापरलेल्या टून्झ या सॉफ्टवेअरवर आधारलेले ओपनटून्झही त्याच वर्षी खुले झाले. वीस सेकंदांच्या द्विमितीय फिल्मला यातले कोणतेही पुरते. खर्च करायचाच असेल तर दाब ओळखणाऱ्या पेनच्या साध्या टॅब्लेटवर करावा. पडद्यावर चित्र काढता येणारा महाग टॅब्लेट सुरुवातीला लागत नाही.

गुणांची विभागणी बदलल्याशिवाय मात्र यातले काहीच घडणार नाही. सगळे गुण अंतिम फिल्मला असतील तर विद्यार्थी अंतिम फिल्मच कशीबशी उभी करणार. शंभरांपैकी स्टोरीबोर्डला १५, ॲनिमॅटिकला २०, की-पोजच्या ब्लॉकिंगला (पहिल्या कच्च्या मांडणीला) २५, अंतिम फिल्मला २५ आणि जर्नलला (कामाच्या नोंदवहीला) १५ असे द्यावेत, आणि प्रत्येक टप्पा त्याच्या त्याच्या आठवड्यात तपासावा. शेवटी एकदम तपासले तर स्टोरीबोर्ड फिल्म झाल्यावर काढले जातात. हे प्रत्यक्षात होते आणि ओळखूही येते: अशा स्टोरीबोर्डमध्ये एकही शॉट रद्द केलेला नसतो. जर्नल म्हणजे सॉफ्टवेअरच्या स्क्रीनशॉटचा अल्बम नव्हे. दर आठवड्याला काय बदलले आणि का, एवढे लिहावे: ‘उडी हलकी वाटत होती, आधी वाकण्याच्या चार फ्रेम होत्या, आठ केल्या’ ही एक ओळ दहा स्क्रीनशॉटपेक्षा जास्त सांगते.

कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्र किंवा व्हिडिओ बनवून देणारी साधने आता प्रत्येकाच्या हाताशी आहेत. सरसकट बंदी पाळली जाणार नाही, आणि ओळखण्याचा दावा करणाऱ्या साधनांवर विसंबून एखाद्या मुलावर ठपका ठेवणे अन्यायाचे ठरेल. नियम सरळ असावा: कोणत्या टप्प्यावर काय वापरले ते जर्नलमध्ये लिहायचे, आणि की-पोज व टायमिंग स्वतःचेच हवे. मूळ वर्किंग फाइल लेअर आणि कीसह सादर केल्याशिवाय प्रोजेक्ट स्वीकारू नये. व्हायवामध्ये (तोंडी परीक्षेत) ती फाइल विद्यार्थ्याकडून उघडून घ्यावी आणि एक बदल तिथल्या तिथे करायला सांगावा: उडीआधीची तयारी सहा फ्रेमने वाढवा, किंवा दुसरी उसळी कमी उंच करा. ज्याने काम केले आहे तो दहा मिनिटांत करतो, आणि करताना वेळ का बदलावा लागला हेही सांगतो.

फिल्म वर्गाबाहेर दाखवली जाणार असेल तर एक दक्षता शिक्षकांनी स्वतः घ्यावी. विजेच्या किंवा स्फोटाच्या दृश्यात एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा पडदा लखलखू देऊ नये. अशा प्रकाशाने काही व्यक्तींना अपस्माराचा झटका येऊ शकतो. टाइमलाइनवर फ्रेम मोजून हे पाच मिनिटांत तपासता येते, आणि ते प्रदर्शनाच्या दिवशी नव्हे, ॲनिमॅटिकच्या आठवड्यातच तपासावे.

आपले,
डिजिटल चित्रकला व ॲनिमेशन शिकवणारे काही शिक्षक